शुद्धिहारके, सार्वदेहिक

शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाची शुद्ध, वेदनांची जाणीव आणि घडलेल्या गोष्टींची स्मृती तात्पुरती व पूर्णपणे परावर्तनीय रीतीने नाहीशी करणाऱ्या औषधांना ‘सार्वदेहिक शुद्धिहारके’ म्हणतात. व्यवहारात या क्रियेस ‘भूल देणे’ असे म्हणतात. शरीराच्या ठराविक भागापुरतीच संवेदना नष्ट करणारी स्थानीय शुद्धिहारके यांहून भिन्न आहेत, कारण ती तंत्रिकांवर (मज्जातंतूंवर) कार्य करतात व मेंदूची जागृतावस्था कायम ठेवतात. सार्वदेहिक शुद्धिहारकांचे दोन प्रमुख गट आहेत : (१) नीलेतून अंतःक्षेपणाने (इंजेक्शनाने) द्यावयाची व (२) श्वासावाटे द्यावयाची. बहुतेक प्रौढ रुग्णांत पहिल्या गटातील औषधाने शुद्धिहरणाचा प्रारंभ करतात व दुसऱ्या गटातील औषधाने ते शस्त्रक्रिया संपेपर्यंत टिकवून धरतात.

इतर बहुतेक औषधांच्या तुलनेने या औषधांची सुरक्षित मर्यादा फार अरुंद असते. श्वासावाटे देण्याच्या शुद्धिहारकांच्या बाबतीत परिणामकारक मात्रेच्या सु. दोन ते चार पट मात्रा प्राणघातक ठरू शकते. शिवाय ही औषधे कोणताही रोग बरा करीत नाहीत. ती दुसऱ्या उपचारास केवळ वाट करून देतात. त्यामुळे त्यांच्यापासून होणारा अपाय क्षम्य मानला जात नाही, आणि या औषधांचा इतिहास हा बव्हंशी अधिक सुरक्षित पदार्थाच्या शोधाचाच इतिहास आहे.

इतिहास : शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास मद्य पाजावे, म्हणजे त्याला शस्त्राची वेदना जाणवत नाही, असा निर्देश सुश्रुतसंहितेत आहे. अफू व भांग यांचाही उपयोग अनेक देशांत केला जाई; परंतु त्यांचा परिणाम अनिश्चित असे. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये नायट्रस ऑक्साइड वायू तयार केला आणि तो शस्त्रक्रियेत वेदनाशमनासाठी उपयोगी पडेल, असे हंफ्री डेव्ही यांनी १८०० मध्ये सुचविले. मात्र या सूचनेकडे चार दशके कोणाचेच लक्ष गेले नाही. क्रॉफर्ड लाँग या अमेरिकन डॉक्टरांनी ३० मार्च १८४२ रोजी ईथर देऊन मानेवरील गाठ काढली, परंतु ही माहिती त्यांनी वेळीच प्रसिद्ध केली नाही. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन या दंतवैद्यांनी बॉस्टन येथील मॅसॅचूसेट्‌स जनरल रुग्णालयात ईथराचे जाहीर प्रात्यक्षिक यशस्वी करून दाखविले आणि काही महिन्यांतच त्याचा वापर जगभर पसरला. मार्च १८४७ मध्ये कलकत्त्यातही ईथर देऊन शस्त्रक्रिया करण्यात आली.

नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरो येथील प्रसूतितज्ञ जेम्स यंग सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. त्याचा वास सुखद असून ते जळत नसे व थोड्या प्रमाणात पुरे, म्हणून ते लवकरच लोकप्रिय झाले. तथापि जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासाठी ते दिलेली १५ वर्षांची एक निरोगी मुलगी काही मिनिटांतच मरण पावली. अशा मृत्यूंत प्रथम श्वसन बंद पडते की हृदय, हा वाद पुढे साठ वर्षे चालला. निजामाच्या आर्थिक साहाय्याने व एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये नेमलेल्या दोन ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोगां’नी शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले आणि श्वसन नेहमीच आधी थांबते, सबब श्वसनावर लक्ष ठेवल्यास धोका नाही, असा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष अपुरा होता. शुद्धिहरण हलके असताना शरीरात ॲड्रेनॅलीन वाढल्यास क्लोरोफॉर्मामुळे हृदयाच्या निलयांचे (खालच्या कप्प्यांचे) अनियमित स्फुरण सुरू होऊन हृदय एकाएकी बंद पडते, हे ए. जी. लेव्ही यांनी १९११ मध्ये मांजरांवरील प्रयोगांनी सिद्ध केले. म्हणजेच भीतिग्रस्त रुग्णास दिलेली अपुरी मात्रा ही जादा मात्रेइतकीच घातक ठरू शकत होती. यकृतालाही अपाय होत असल्याने क्लोरोफॉर्म पुढे वापरातून गेले.

क्रियेची यंत्रणा : झेनॉनासारखा निष्क्रिय वायू, ईथरासारखे साधे कार्बनी संयुग व बार्बिच्युरेटासारखा गुंतागुंतीचा रेणू या सर्वांनी सारखीच बेशुद्धी कशी येते, हा या शास्त्रातील जुना प्रश्न होय. हान्स मायर यांनी १८९९ मध्ये व चार्ल्स ओव्हर्टन यांनी १९०१ मध्ये स्वतंत्रपणे असे दाखविले की, पदार्थ तेलात जितका अधिक विद्राव्य (विरघळणारा) तितकी त्याची शुद्धिहारक शक्ती अधिक असते. यावरून ही औषधे तंत्रिका कोशिकेच्या (पेशीच्या) वसामय पटलात शिरून त्याची रचना बिघडवितात, असे दीर्घकाळ मानले जाई. १९८४ मध्ये निकोलस फ्रँक्स व विल्यम लीब यांनी वसेचा अंशही नसलेल्या, काजव्यापासून मिळविलेल्या एका शुद्ध प्रथिनाचे कार्य याच औषधांनी व जवळजवळ त्याच प्रमाणात मंदावते, असे दाखवून दिले. तेव्हापासून ही औषधे विशिष्ट प्रथिनांशीच बद्ध होतात, हे मत दृढ झाले.

मेंदूतील एका कोशिकेकडून दुसरीकडे संदेश जाताना रासायनिक प्रेषक बाहेर पडतात व पुढील कोशिकेवरील ग्राही प्रथिनांवर कार्य करतात. गॅमा-ॲमिनोब्युटिरिक अम्ल (संक्षेपाने गाबा) हा मेंदूतील प्रमुख अवरोधक प्रेषक आहे. तो आपल्या ‘गाबा-ए’ ग्राहीशी बद्ध झाला की, तेथील मार्ग उघडून क्लोराइड आयन (विद्युत् भारित अणू) कोशिकेत शिरतात व ती सहजासहजी उद्दीपित होत नाही. थायोपेंटोन, प्रोपोफॉल, एटोमिडेट, मिडॅझोलाम आणि बहुतेक बाष्पनशील शुद्धिहारके हा परिणाम वाढवितात व लांबवितात. या ग्राहीच्या बीटा-३ उपघटकातील एकच ॲमिनो अम्ल बदललेल्या उंदरांवर प्रोपोफॉल व एटोमिडेट यांचा प्रभाव फारच कमी पडतो, असे २००३ मध्ये दिसून आले. याउलट केटामीन, नायट्रस ऑक्साइड व झेनॉन ही मुख्यतः ग्लुटामेट या उद्दीपक प्रेषकाच्या ‘एनएमडीए’ ग्राहीचे कार्य रोखतात. बाष्पनशील औषधे काही पोटॅशियम मार्गही उघडतात. शस्त्राचा स्पर्श होऊनही शरीर न हलणे हा परिणाम मुख्यत्वे मेरुरज्जूवर, तर बेशुद्धी व विस्मृती हे परिणाम मेंदूवर अवलंबून असतात. तथापि ग्राहीवरील या क्रियेपासून जाणीव नाहीशी होण्यापर्यंतच्या सर्व पायऱ्या अजून उलगडलेल्या नाहीत.

शुद्धिहरणाच्या अवस्था : आर्थर गेडेल यांनी १९२० मध्ये ईथराच्या वापरावरून चार अवस्था वर्णिल्या : (१) वेदनाहरण, (२) उत्तेजन—यात रुग्ण बेशुद्ध असला तरी हातपाय झाडतो, श्वसन अनियमित होते व वांती होण्याचा संभव असतो, (३) शस्त्रक्रियेस योग्य अवस्था, (४) श्वसनकेंद्राचे कार्य बंद पडणे. ईथर देताना दुसरी अवस्था कित्येक मिनिटे टिके व त्या वेळी रुग्णास चार-पाच जणांना धरून ठेवावे लागे. नीलेतून द्यावयाच्या औषधांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे त्यांनी ही अवस्था जवळजवळ नाहीशी केली.

नीलेतून द्यावयाची औषधे : या औषधांनी हातातील नीलेपासून मेंदूपर्यंतच्या रक्ताभिसरणास लागणाऱ्या वेळातच, म्हणजे सु. अर्ध्या मिनिटात, बेशुद्धी येते. एकाच मात्रेनंतर रुग्ण पाच ते दहा मिनिटांत जागा होऊ लागतो, परंतु तेवढ्या वेळात औषध शरीराबाहेर गेलेले असते, असे नाही. मेंदू, हृदय, यकृत व वृक्क (मूत्रपिंडे) यांचे वजन शरीराच्या सु. एकदशांश असले, तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सु. तीन चतुर्थांश भाग त्यांना मिळतो. म्हणून वसेत सहज विरघळणारे औषध प्रथम मेंदूत भरते. पुढे रक्तातील प्रमाण घटू लागले की, ते मेंदूतून परत रक्तात येते व तेथून स्नायूंत आणि अगदी सावकाश चरबीत साठते. या क्रियेस ‘पुनर्वितरण’ म्हणतात. रुग्ण जागा होतो तो औषधाने जागा बदलल्यामुळे. म्हणूनच थायोपेंटोनाच्या मात्रा पुनःपुन्हा दिल्यास स्नायू व चरबी यांतील साठा वाढत जातो, औषधास जाण्यास जागा उरत नाही आणि रुग्ण कित्येक तास गुंगीत राहतो.

*थायोपेंटोन :* आडोल्फ फोन बायर यांनी १८६४ मध्ये बार्बिच्युरिक अम्ल तयार केले. त्यापासून मिळविलेल्या निद्राजनक संयुगांपैकी गंधकयुक्त थायोपेंटोन हे रॅल्फ वॉटर्स यांनी मार्च १९३४ मध्ये व त्यानंतर लवकरच जॉन लंडी यांनी अमेरिकेत प्रथम वापरले. त्याची पिवळसर भुकटी वापरण्यापूर्वी पाण्यात विरघळवून २·५ टक्के विद्राव करतात व प्रौढास शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे ३ ते ५ मिग्रॅ. मात्रा देतात. त्याने मेंदूची ऑक्सिजनाची गरज व कवटीतील दाब कमी होतात आणि आकडी थांबते. ते वेदनाहारक मात्र नाही. हा विद्राव तीव्र क्षारीय असल्याने चुकून रोहिणीत गेल्यास हातास कोथ (गँग्रीन) होऊ शकतो. पॉर्फिरिया या आनुवंशिक विकारात हे औषध सर्वथा वर्ज्य आहे.

थायोपेंटोनामुळे नीला शिथिल होतात व हृदयाचे आकुंचन दुर्बल होते. निरोगी माणसास हे सहज सोसते. परंतु पुष्कळ रक्तस्राव झालेल्या जखमीचा रक्तदाब केवळ रक्तवाहिन्यांच्या संकोचावर तग धरून असतो व नेहमीची मात्रा त्याचा तो आधारच काढून घेते. ७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बर येथील हल्ल्यातील जखमींना हे औषध देण्यात आल्यावर पुष्कळ मृत्यू झाले, असे १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याच्या वापराविरुद्ध मोठे वादळ उठले. तेथील कागदपत्रे पुढे तपासली असता हे वृत्त फार अतिशयोक्त असल्याचे आढळले. त्यातून घेतलेला धडा मात्र खराच ठरला. रक्तस्राव झालेल्या रुग्णास आधी द्रव व रक्त देणे, मात्रा बरीच घटविणे व ती सावकाश देणे हे नियम आज या गटातील सर्वच औषधांना लागू आहेत.

*प्रोपोफॉल :* इंग्लंडातील आयसीआय या कंपनीत जॉन ग्लेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात या औषधाचे गुणधर्म ओळखले. ते पाण्यात विरघळत नाही. १९७७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या चाचण्यांत त्यासाठी वापरलेल्या विद्रावकामुळे काही रुग्णांत तीव्र ॲलर्जी उद्‌भवली व काम थांबवावे लागले. पुढे सोयाबीन तेल व अंड्यातील लेसिथिन यांच्या दुधाळ पायसात ते मिसळण्यात आले आणि १९८६ मध्ये बाजारात आले. या शोधासाठी ग्लेन यांना २०१८ चे लास्कर पारितोषिक मिळाले. प्रारंभिक मात्रा प्रत्येक किग्रॅ.मागे १·५ ते २·५ मिग्रॅ. असते. यकृतात व यकृताबाहेरही त्याचे विघटन वेगाने होत असल्याने त्याचा साठा फारसा होत नाही. रुग्ण स्वच्छ शुद्धीवर येतो व मळमळ कमी होते. त्यामुळे त्याच दिवशी घरी पाठविण्याजोग्या शस्त्रक्रिया शक्य झाल्या व थायोपेंटोन पुष्कळ ठिकाणी मागे पडले. टोचताना होणारी आग, रक्तदाबातील लक्षणीय घट आणि श्वसन काही काळ थांबणे हे त्याचे दोष होत. पायसात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून उघडलेली कुपी साठवून ठेवीत नाहीत. अतिदक्षता विभागात मोठ्या मात्रेने दीर्घकाळ दिल्यास क्वचित रक्ताची अम्लता वाढून व हृदयाचे कार्य कोलमडून मृत्यू ओढवतो.

*एटोमिडेट :* या औषधाने (प्रत्येक किग्रॅ.मागे ०·२ ते ०·३ मिग्रॅ.) रक्तदाब फारसा बदलत नाही, म्हणून हृद्‌विकाराच्या रुग्णांत ते उपयुक्त ठरते. १९७२ पासून वापरात आलेले हे औषध अतिदक्षता विभागात सतत दिले जाऊ लागले. तथापि ते दिलेल्या जखमी रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण वाढल्याचे स्कॉटलंडमधील डॉक्टरांनी १९८३ मध्ये निदर्शनास आणले. अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसॉल हे हॉर्मोन तयार करणारे एक एंझाइम या औषधाने निष्क्रिय होते व गंभीर आजाराशी झुंजण्याची शरीराची शक्ती खचते. एका मात्रेनेही हा परिणाम काही तास टिकतो. म्हणून आता ते केवळ प्रारंभासाठी वापरतात.

*केटामीन :* हे कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी १९६२ मध्ये तयार केले व १९६४ मध्ये मानवात प्रथम वापरले गेले. त्याने रुग्ण नेहमीसारखा झोपत नाही. डोळे उघडे असतात, बुबुळे हलत असतात, परंतु बाह्य जगाशी त्याचा संबंध तुटलेला असतो. या स्थितीस ‘वियोजक शुद्धिहरण’ म्हणतात. या गटातील इतर प्रमुख औषधांत नसलेला तीव्र वेदनाहारक गुण त्यात आहे. अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित झाल्याने रक्तदाब व नाडी वाढतात, श्वासनलिका रुंदावतात व श्वसन बहुधा चालू राहते. नीलेतून प्रत्येक किग्रॅ.मागे १ ते २ मिग्रॅ., तर नीला न मिळाल्यास स्नायूतही ते देता येते. विजेची व यंत्रसामग्रीची वानवा असलेली छोटी रुग्णालये, रणांगण व भूकंपासारख्या आपत्ती अशा ठिकाणी त्याचा मोठा आधार वाटतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला आहे. शुद्धीवर येताना होणारे भास व भयावह स्वप्ने हा त्याचा मुख्य दोष असून मिडॅझोलाम दिल्याने तो कमी होतो. नशेसाठी दुरुपयोग होत असल्याने त्याच्या विक्रीवर निर्बंध आहेत. तीव्र आजाराने पूर्ण थकलेल्या रुग्णात ॲड्रेनॅलीनाचा साठाच संपलेला असतो. अशा वेळी केटामिनानेही रक्तदाब घसरू शकतो.

*मिडॅझोलाम :* बेंझोडायाझेपीन गटातील हे औषध चिंता घालविते व विस्मृती आणते. त्याचा परिणाम सावकाश होतो, परंतु फ्ल्युमॅझेनील या प्रतिरोधकाने तो उलटविता येतो. एंझाइमांनी त्वरित विघटित होणारे रेमिमॅझोलाम हे याच गटातील औषध जपानमध्ये २०२० मध्ये सार्वदेहिक शुद्धिहरणासाठी मान्य झाले.

श्वासावाटे द्यावयाची औषधे : या औषधांची शक्ती ‘किमान वायुकोशीय प्रमाणा’ने मोजतात. त्वचेवर छेद घेतला असता निम्मे रुग्ण हालचाल करीत नाहीत असे, फुप्फुसातील वायुकोशांमधील औषधाचे शेकडा प्रमाण म्हणजे हे माप होय. ते हॅलोथेनासाठी सु. ०·७५, आयसोफ्ल्युरेनासाठी १·१५, सेव्होफ्ल्युरेनासाठी २, डेसफ्ल्युरेनासाठी ६ व नायट्रस ऑक्साइडासाठी १०४ आहे. शेवटच्या आकड्याचा अर्थ असा की, शुद्ध नायट्रस ऑक्साइडही नेहमीच्या वातावरणीय दाबास पुरेसे पडत नाही आणि ते शुद्ध स्वरूपात दिल्यास रुग्ण ऑक्सिजनावाचून मरेल. म्हणून ते ऑक्सिजनात मिसळून इतर औषधांच्या जोडीने देतात. वाढत्या वयाबरोबर हे माप दर दशकास सु. ६ टक्क्यांनी घटते; वृद्धांना कमी मात्रा पुरते ती यामुळेच.

बेशुद्धी येण्याचा वेग रक्तातील विद्राव्यतेवर अवलंबून असतो व हे नाते प्रथमदर्शनी उलटे वाटते. मेंदूवरील परिणाम औषधाच्या आंशिक दाबावर ठरतो. रक्तात फार विरघळणारे औषध रक्तच शोषून घेते, त्यामुळे हा दाब सावकाश चढतो. मोठा हौद भरण्यास वेळ लागावा तसे हे होते. रक्त व वायू यांतील विद्राव्यता-गुणोत्तर ईथराचे सु. १२, हॅलोथेनाचे २·४, सेव्होफ्ल्युरेनाचे ०·६५, तर डेसफ्ल्युरेनाचे ०·४२ आहे. साहजिकच ईथराने झोपण्यास व जागे होण्यास फार वेळ लागे. सेव्होफ्ल्युरेन वेगवान असून त्याचा वास सौम्य असतो, म्हणून सुईला भिणाऱ्या लहान मुलांत मुखवट्याद्वारे तेच देऊन प्रारंभ करतात. डेसफ्ल्युरेन त्याहून वेगवान असले, तरी घसा व श्वासनाल यांना झोंबते, सबब प्रारंभासाठी अयोग्य आहे.

ईथर व सायक्लोप्रोपेन ही स्फोटक असल्याने विद्युत् शस्त्रे वापरात आल्यावर मागे पडली. १९५१ मध्ये चार्ल्स सकलिंग यांनी तयार केलेले व १९५६ मध्ये वापरात आलेले हॅलोथेन न जळणारे होते. त्याच्या सु. एकपंचमांश भागाचे यकृतात विघटन होते. त्यातील घटक यकृताच्या प्रथिनांशी जोडले जाऊन क्वचित, विशेषतः पुनःपुन्हा दिल्यास, प्राणघातक यकृतशोथ होतो. पुढील औषधांचे विघटन याहून कमी होते. ही औषधे वातावरणात उष्णता धरून ठेवतात. डेसफ्ल्युरेनाचा हा दोष सर्वांत मोठा असल्याने यूरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून त्याचा वापर वैद्यकीय दृष्ट्या अपरिहार्य प्रसंगांपुरता मर्यादित केला आहे.

संतुलित शुद्धिहरण : बेशुद्धी, वेदनाहरण व स्नायूंचे शिथिलीकरण हे तिन्ही परिणाम एकाच औषधाने साधावयाचे तर त्याची मात्रा धोकादायक ठरते. ‘संतुलित शुद्धिहरणा’ची कल्पना लंडी यांनी १९२६ मध्ये मांडली. तीनुसार आता प्रारंभक औषधाबरोबर फेंटॅनिलासारखे वेदनाहारक व स्नायू शिथिल करणारे औषध स्वतंत्रपणे देतात. यामुळे प्रत्येकाची मात्रा कमी होते, परंतु एक नवा धोकाही निर्माण होतो : शुद्धिहारकाची मात्रा अपुरी पडल्यास रुग्ण जागा असूनही हलू किंवा बोलू शकत नाही. ब्रिटनमधील २०१४ च्या पाहणीत सु. १९,००० शुद्धिहरणांमागे एका रुग्णाने अशी जाणीव राहिल्याचे सांगितले होते. स्नायू शिथिल केलेल्या रुग्णांत हे प्रमाण अधिक होते.

धोके व दक्षता : शुद्ध हरपताच घशातील संरक्षक प्रतिक्षेपही लोपतात व जठरातील अन्न फुप्फुसात शिरण्याचा संभव असतो. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास उपाशी ठेवण्याचा आग्रह याचसाठी असतो. तो लपवून काही खाणे जिवावर बेतू शकते. बाष्पनशील औषधे व सक्सिनिलकोलीन यांमुळे काही कुटुंबांत आनुवंशिक दोषाने शरीराचे तापमान वेगाने वाढून स्नायू ताठरतात. या ‘दुर्दम अतितापा’चे आनुवंशिक स्वरूप १९६० मध्ये मेलबर्न येथे प्रथम वर्णिले गेले. डँट्रोलीन हे त्यावरील औषध वेळीच मिळाल्यास बहुतेक रुग्ण वाचतात. म्हणून स्वतःस किंवा नातेवाइकांस भुलीच्या वेळी झालेला त्रास, चालू असलेली औषधे व व्यसने ही माहिती शुद्धिहरणतज्ञास देणे आवश्यक असते.

सर्व रुग्णांना सारखीच उपयुक्त पडेल असे एकही शुद्धिहारक अद्यापि सापडलेले नाही. जलद क्रिया, वेदनाहरण, हृदय व श्वसन यांवरील अल्प परिणाम आणि त्वरित उत्सर्जन हे सर्व गुण एकत्र असलेल्या औषधाचा शोध चालू आहे. तोवर औषधाची निवड, मात्रेचा अंदाज आणि ते दिल्यानंतर रुग्णाचे श्वसन, नाडी, रक्तदाब व रक्तातील ऑक्सिजन यांवर क्षणोक्षणी ठेवलेले लक्ष यांवरच रुग्णाची सुरक्षितता अवलंबून राहते.